सरळ समेवर

"यात तेल घातलंयस?"

दत्तारामबुवांनी कणकेचा गोळा नाकाशी नेला आणि मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"घातलंय की," मी म्हटलं. "मोहन घातलंय. आणि चिमूटभर मीठ."

"मीठसुद्धा."

"मग काय अळणी मळायची?"

बुवांनी गोळा माझ्या हातात परत दिला. "बाय गो, पखवाज जेवायला बसणार नाहीये. पण आता आणलीच आहेस तर लाव. बघ काय होतं ते."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेची भाकरीएवढी चकती थापतात. ती नसली तर डावं घुमत नाही, नुसतं फटफट वाजतं. बुवा आदल्या दिवशी एवढंच म्हणाले होते की येताना कणीक मळून आण. मी खानावळवाली. कणीक म्हटल्यावर माझे हात आपोआप तेलाच्या बरणीकडे गेले. मी ती चकती थापली, बुवांनी दाखवली तशी डाव्या हाताने थाप मारली, आणखी एक मारली, आणि सगळी कणीक चामड्यावरून घसरून माझ्या मांडीवर आली. साडी नवी होती.

बुवा हसले नाहीत. म्हणाले, "थाप चांगली आहे. उद्या नुसत्या पाण्यात मळून आण."

तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली.

लांज्याला स्टँडसमोर आमची, खातूंची खानावळ. मुलगी लग्न होऊन चिंचवडला गेलेली, मुलगा बोटीवर. सकाळी पोळ्या, दुपारी गिऱ्हाईक, संध्याकाळी परत पोळ्या. मधले दोन-तीन तास माझे होते आणि त्यात मी झोपायचे. झोपून झोपून कंबर धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालायला जा. आता दिवसभर चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला चालायला जा म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी चालायला गेले नाही. देवळात गेले आणि दत्तारामबुवांना म्हटलं, मला पखवाज शिकवा.

हे खूळ काही एका दिवसात डोक्यात आलं नव्हतं. माझी थोरली नणंद, कुमुदवन्सं, यांचं महिला भजनी मंडळ होतं. मी त्यात बरीच वर्षं टाळ वाजवत होते. माझा आवाज म्हणजे फुटक्या हंडीचा, त्यामुळे गाण्याला मला कुणी घेतलं नसतं. टाळ वाजवायचे हाताने, पण कान सगळा पखवाजाकडे. ती थाप कानात वाजायची नाही, पोटात वाजायची. पखवाजाला बसायचे वन्संचे यजमान, पाथरे भावोजी. आमच्याकडे रीतच तशी. बायकांचं मंडळ असलं तरी पेटी आणि पखवाज पुरुषांचा. पेटीवर तरी हळूहळू बायका दिसायला लागल्या होत्या, पखवाजावर एकही नव्हती.

बुवा गुरवांपैकी, देवीच्या पूजेचे मानकरी. तरुणपणी त्यांचा हात तालुक्यात गाजलेला. पण मधे अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि डावा हात थरथरायला लागला. तेव्हापासून ते चारचौघांत वाजवत नसत. मी विचारलं तेव्हा त्यांनी का, कशाला काही विचारलं नाही. "हात दाखव" म्हणाले. मी दाखवले. त्यांनी तळव्याची गादी दाबून बघितली.

"पोळ्या लाटून लाटून चांगला झालाय हात," ते म्हणाले. "बोटांना मात्र अक्कल नाही. ती येईल."

बोटांना अक्कल यायला दोन वर्षं लागली. तिटकत गदिगन, तिटकत गदिगन. पोळी लाटताना तेच, भाजी चिरताना तेच. गिऱ्हाइकाने आमटी मागितली तरी माझं बोट ओट्यावर. आमचे हे, म्हणजे सदानंद, गल्ल्यावर बसून म्हणायचे, "रजनी, तो माणूस मघापासून भात मागतोय. त्याचीही सम येऊ दे." पण अडवलं कधी नाही. उलट माझी शिकवणीची वेळ झाली की स्वतः भांडी विसळायला उभे राहायचे.

अडवलं ते वन्संनी.

मी आपली मोठ्या हौसेने त्यांना सांगायला गेले. वन्सं अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होत्या.

"छंद म्हणून ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दुपारचा वेळ जातो."

"मंडळात एखाद दिवशी बसेन म्हणते. सरावाला. भावोजींना तेवढीच विश्रांती."

"त्यांना कशाला विश्रांती? ते काय नांगर ओढतात?"

"तसं नव्हे..."

"रजनी, देवळात शिक, घरी वाजव, खानावळीत वाजव. मंडळात तू टाळाला आहेस."

विषय संपला. वन्संपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. आणि त्यांचा मानही तसाच होता. आवाज गोड, खणखणीत, आणि आलाप तर असे की लोक लांबून ऐकायला यायचे. अभंगाची ओळ संपता संपता त्या आलाप घ्यायच्या, तो वर वर चढायचा, सगळे माना डोलवायचे, आणि मग सावकाश खाली उतरून त्या पुढची ओळ धरायच्या. नवरात्रातल्या भजन स्पर्धेची फिरती ढाल वर्षानुवर्षं त्यांच्याच दिवाणखान्यात होती. ती फिरते हे लोक विसरूनसुद्धा गेले होते.

एकदा सरावाला भावोजींना यायला उशीर झाला. पखवाज समोर पडलेला. मी जाऊन बसले आणि हलक्या हाताने ठेका धरला. बायका खूश झाल्या. एकीने सुरुवातही केली. इतक्यात वन्सं आतून आल्या.

"ऊठ तिथून."

"ते येईपर्यंत, वन्सं."

"टाळ घे."

सगळ्यांसमोर उठले. टाळ घेतले. घरी येऊन पातेलं असं आपटलं की ह्यांनी विचारलंसुद्धा नाही काय झालं. मला ढाल नको होती, नाव नको होतं. मला एकदा, निदान एकदा, माणसांसमोर वाजवायचं होतं. दोन वर्षं शिकून भिंतीला ऐकवायचं म्हणजे रोज पंगतीचा स्वयंपाक करून झाकून ठेवण्यासारखं. मी बुवांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वाजवणारा बोलावल्याशिवाय जात नाही. बोलावतील." मला तेव्हा त्यांचाही राग आला. कोण बोलावणार होतं मला?

त्या वर्षीची स्पर्धा गावदेवीच्या देवळात, दुपारी जेवणं झाल्यावर सुरू झाली. आदल्या वर्षी एकच पखवाजवाला चार-पाच मंडळांना वाजवून गेला होता आणि त्यावरून बरीच बोलाचाली झाली होती. म्हणून सरदेसाई गुरुजींनी, जे स्पर्धा समितीचे प्रमुख होते, नवा नियम काढला. एका वादकाने एकाच मंडळाला वाजवायचं. दुसऱ्या मंडळाला बसला तर दोन्ही मंडळं बाद.

आमची बारी शेवटची. तिच्या आधी भंडारवाडीचं मंडळ. त्यांची मुख्य गायिका प्रमिला नागवेकर. ही प्रमिला म्हणजे वन्संच्या पायातला काटा. दरवर्षी दुसरी यायची आणि दरवर्षी हसत हसत वन्संच्या पाया पडायची. वन्संना तिच्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

त्या दिवशी मात्र प्रमिला हसत नव्हती. त्यांचा पखवाजवाला म्हादू आला तो उजवा हात गळ्यात अडकवून. येताना वळणावर गाडी घसरली होती. मनगट भोपळ्यासारखं सुजलेलं. प्रमिला बिचारी या मंडळाकडून त्या मंडळाकडे फिरली. कुणी वाजवायला तयार नाही. असणार कसं? वाजवलं तर स्वतःचं मंडळ बाद. शेवटी ती खांबाला टेकून बसलेल्या दत्तारामबुवांसमोर येऊन वाकली.

"बुवा, तुम्हीच बसा. नुसता ठेका धरा. नाहीतर आम्हाला न गाताच घरी जावं लागेल. म्हाताऱ्या बायका आहेत माझ्यात, वर्षभर वाट बघितलीय त्यांनी."

"माझा हात गेलाय, बाय."

"मग काय करू?"

बुवांनी हनुवटी वर केली आणि सरळ माझ्याकडे दाखवलं. "हिला ने."

प्रमिलाने वळून बघितलं. "रजनीवहिनी? त्या तर टाळ वाजवतात."

"तुमच्यापुढे टाळ वाजवते. माझ्यापुढे दोन वर्षं पखवाज वाजवतेय."

इतके दिवस ज्याची वाट बघितली ते असं समोर येऊन उभं राहिलं आणि मला वाटलं, चटकन मोरीत जाऊन बसावं.

"वहिनी, खरंच येतं तुम्हाला?" प्रमिलाने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागून वन्संचा आवाज आला. "ती आमच्या मंडळातली आहे."

सरदेसाई गुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी आमच्या मंडळाचा कागद बघितला, त्यात माझ्या नावापुढे टाळ लिहिलेलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "वादक म्हणून यांचं नाव कुठेच नाही. तेव्हा नियमाने यांना बसता येईल. पण मग रजनीताई, तुमच्या मंडळाच्या बारीत तुम्हाला बसता येणार नाही. एक काहीतरी ठरवा."

"ठरवायचंय काय त्यात?" वन्सं म्हणाल्या. "रजनी, जागेवर बस."

"वन्सं, आपल्यात टाळाला सहाजणी आहेत. एक कमी झाली तर बिघडणार नाही."

"टाळाचं नाही बोलत मी. घरची सून उठून त्यांच्यात जाऊन बसली तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, खातूबाई पखवाज वाजवते. मला तेच ऐकायचंय."

हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसेना. लग्न होऊन आल्यापासून वन्संना मी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. मी ह्यांच्याकडे बघितलं. बहीण एकीकडे, बायको दुसरीकडे. ह्यांनी देवीकडे तोंड केलं, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. ते काही लवकर उघडायची चिन्हं दिसेनात.

भावोजी मात्र माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. कशाने, ते मला तेव्हा कळलं नाही. ते हळूच म्हणाले, "जा वहिनी."

"तुम्ही गप्प बसा," वन्सं म्हणाल्या.

मी टाळ खाली ठेवले आणि पदर खोचला.

म्हादूचाच पखवाज होता. त्याने तो प्रमिलाच्या पट्टीला लावून आणलेला, त्यामुळे सूर लावायचं काम वाचलं. डाव्याची कणीक सुकायला लागली होती, ती मी पाण्याचा हात लावून जरा सारखी केली. म्हादू माझ्या मागे येऊन बसला आणि कानात पुटपुटला, "वहिनी, ती कडव्याच्या शेवटी एकदम पळते. तुम्ही तिच्या मागे धावू नका. तुम्ही जागेवर राहा, ती येते परत."

समोर बघितलं. सगळं देऊळ भरलेलं. माझ्या खानावळीत जेवणारे निम्मेअधिक लोक तिथे होते. डेपोतले कंडक्टर, तहसीलचे कारकून, मटकीच्या उसळीत मीठ कमी आहे म्हणून रोज तक्रार करणारा तो पोस्टातला घोसाळकर. पुढच्या बाजूला बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. "अगो, ती खानावळवाली ना?" हे मला स्पष्ट ऐकू आलं.

प्रमिलाने नमन सुरू केलं. मी पहिली थाप मारली आणि ती फारच जोरात लागली. माइक जवळ होता. पुढे बसलेल्या एका आजीबाई दचकून मागे सरकल्या. कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मी हात हलका केला, तर इतका हलका झाला की मलाच ऐकू येईना.

प्रमिला दर ओळीला मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिचं काही चुकत नव्हतं. पाण्यात उतरलेला माणूस पायाखाली दगड आहे ना हे चाचपतो तसं ती चाचपत होती. पण तिने बघितलं की माझा हात अडखळायचा आणि हात अडखळला की ती परत बघायची. असं चाललं असतं तर दोघी मिळून बुडालो असतो.

मग मी तिच्याकडे बघणंच सोडलं. देवीकडे नाही, लोकांकडे नाही, खाली पखवाजाच्या उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईकडे नजर लावली आणि फक्त तिचा आवाज ऐकायला लागले. नमन संपलं, अभंग सुरू झाला. पहिल्या कडव्याच्या शेवटी ती पळाली, म्हादूने सांगितलं होतं तशीच. मला जाम धावावंसं वाटलं. पण मी नाही धावले. जागेवर ठेका धरून बसले. ती पुढे गेली, वळली, आणि बरोबर समेवर माझ्या थापेवर येऊन बसली. म्हादू मागून म्हणाला, "अस्सं."

दुसऱ्या कडव्याला तिने मान वळवली, पण अर्धीच. तिसऱ्या कडव्यानंतर तिने मागे बघितलंच नाही.

आजवर मला पुष्कळ लोकांनी चांगलं म्हटलंय, शाल-नारळ दिलेत. पण प्रमिलाची ती पाठमोरी मान मी कधी विसरणार नाही. ती वळली नाही, म्हणजे तिने मला धरलं होतं. टेकून चालली होती माझ्यावर. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

मग गजर आला. गजर म्हणजे देवाच्या नावाचा गलबला, लय चढत जाते आणि सगळं मंडळ एका आवाजात म्हणतं. प्रमिलाने लय वाढवली. मी वाढवली. तिने आणखी वाढवली. माझी बोटं आता माझं ऐकत नव्हती, त्यांना स्वतःलाच सगळं कळत होतं. तिटकत गदिगन, तिटकत गदिगन, डावं घुमतंय, टाळ कडकडतायत, आणि समोरचा घोसाळकर, हो तोच मिठाचा, मांडीवर ठेका धरून वेड्यासारखा डोलतोय. शेवटच्या तिहाईला, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेला भिडायचं असतं तिथे, प्रमिलाने हात वर केला. एक. दोन. तीन. आणि तिचा शब्द आणि माझी थाप एकाच ठिकाणी पडली.

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मघाच्या दचकलेल्या आजीबाई उठून आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. प्रमिलाच्या मंडळातल्या बायकांनी मला मधे घेतलं. ह्यांनी डोळे कधी उघडले देव जाणे, पण टाळ्या सगळ्यांत शेवटपर्यंत तेच वाजवत होते.

मी बुवांच्या समोर जाऊन वाकले. ते म्हणाले, "सुरुवातीला घाबरलीस."

"हो."

"डावा जरा कोरडा होता."

"हो बुवा."

"बाकी ठीक." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो बराच वेळ उचलला नाही.

मग आमची बारी. आमची कसली, वन्संची. मी पहिल्यांदाच समोर बसून त्यांचं गाणं ऐकलं. गायल्या छान, पण त्या दिवशी आलाप नेहमीपेक्षाही लांबले. मला वाटलं, माझ्यावरचा राग असेल. निकाल लागला. भंडारवाडी पहिली, वन्सं दुसऱ्या. प्रमिला ढाल घेऊन माझ्याकडे धावत आली आणि मला ढालीवर हात ठेवायला लावला. वन्सं चपला शोधत होत्या. मी जवळ गेले, तर त्या माझ्याकडे न बघता भावोजींबरोबर निघून गेल्या.

रात्री ह्यांना म्हटलं, "माझं चुकलं का हो?"

"वाजवताना?"

"वाजवताना नाही. वन्संचं."

"ताई उद्या येईल," हे म्हणाले. "भांडायला तरी येईलच. तिला रुसून घरात बसवत नाही."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी, मी पोळ्यांना बसले होते, तेव्हा वन्सं आल्या. बाहेरच्या बाकावर नाही, सरळ आत स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. मी लाटत राहिले. दोन-तीन पोळ्या झाल्या.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नको. बस. बोलायचंय." मी बसलेलीच होते, पण ते सांगायची वेळ नव्हती.

"मी काल चुकीचं वागले असेन, वन्सं, पण मला..."

"गप्प. मला बोलू दे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "काल मला तुझा राग आला असं तुला वाटतंय. नाही आला. मला प्रमिलेचा हेवा वाटला. पहिल्यांदा. ढाल गेली म्हणून नाही."

"मग?"

"ती पळत होती आणि तू हलत नव्हतीस. माझ्या उभ्या जन्मात मी असं पळाले नाही. मला पळताच येत नाही. मी पळाले तर मागे कोण आहे?"

"भावोजी आहेत की."

वन्सं म्हणाल्या, "तू इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलीस. तुला खरंच कधी कळलं नाही?"

"काय?"

"ह्यांचा ठेका सुटतो. दर कडव्याला सुटतो. कडव्याच्या शेवटी कुठे आहोत ते ह्यांना कळत नाही. मग ते सापडेपर्यंत मी आलाप घेते. ते परत जागेवर आले की मी खाली उतरते. लोकांना वाटतं, काय गाते ही बाई."

माझं लाटणं हातातच राहिलं. मला नेहमी वाटायचं की वन्सं आलापात शिरतात म्हणून भावोजी अदबीने थांबतात. झालं होतं नेमकं उलटं. आणि सगळा तालुका माना डोलवत होता.

"म्हणून मला बसू देत नव्हता?"

"तुझा हात देवळात ऐकला होता मी. मागच्या दाराशी उभं राहून. तू एकदा मंडळात बसली असतीस तर लोकांना फरक कळला असता. नवऱ्याचं हसं झालं असतं. मी तुला टाळाला बांधून ठेवलं. वाईट वाटायचं, पण ठेवलं." वन्संचे डोळे भरून आले होते. त्यांना रडताना मी तोवर बघितलं नव्हतं. "रजनी, मला एकदा सरळ गायचंय. कुणाला न सांभाळता. तू वाजवशील?"

मी पिठाच्या हातांनीच त्यांचा हात धरला. "वाजवेन. पण भावोजींना काय सांगणार?"

"सांगितलं रात्री."

"मग?"

"म्हणाले, सुटलो एकदाचा." वन्सं रडता रडता हसायला लागल्या. "म्हणाले, तू बस म्हणालीस म्हणून बसलो, मला कुठे हौस होती. मात्रा मोजण्यात इतकी वर्षं गेली, तुझं गाणं असं मला कधी ऐकायलाच मिळालं नाही. आता पुढे सतरंजीवर बसून ऐकणार. असा राग आला मला. आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

"तेही खरं," वन्सं म्हणाल्या.

भावोजी बाहेर उभेच होते. पखवाज घेऊन. ह्यांनी टेबलं बाजूला सारली, मधे चटई टाकली. जेवायला आलेले दोन ड्रायव्हर दारात थबकले, तर हे म्हणाले, "वीस मिनिटं थांबा. भात शिजतोय." भात कधीचा शिजला होता. भावोजी भिंतीला टेकून मांडी घालून बसले, हात पोटावर, चेहऱ्यावर सासुरवाडीच्या पंगतीतल्या जावयाचं समाधान.

मी वन्संची पट्टी लावून घेतली. त्यांनी त्यांचा तोच अभंग धरला, ज्यावर ढाल मिळायची. पहिलं कडवं संपत आलं तशी त्यांची मान सवयीने वर गेली, आलापासाठी. मी थाप मारली. ठेका होता तिथेच होता. त्या तशाच थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि आलाप न घेता सरळ पुढच्या ओळीवर आल्या. दुसऱ्या कडव्याला त्या थोड्या पळाल्या. तिसऱ्याला चांगल्याच पळाल्या, पोरीसारख्या, आणि खिदळत समेवर आल्या. दारातले ड्रायव्हर टाळ्या वाजवायला लागले. भावोजींचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

अभंग संपला. वन्सं दम खात बसल्या. मग म्हणाल्या, "रजनी, हा अभंग एवढा लहान आहे? मला माहीतच नव्हतं."